एर्दिगचा उभा छेद: कामाच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

कामाची व्याप्ती एकदाची ठरली. पुण्यात वास्तुकला शिकवणाऱ्या मैत्रिणीला जुन्या घरांच्या जतनावरच्या तासासाठी एक मोठं रेखाचित्र हवंय. वेल्समधलं एखादं घर, छपरापासून पायापर्यंत कापून दाखवलेलं. "पोरांनी पेठांमधले वाडे मोजून झाले, आता जरा दुसरीकडचं बघू दे," हे तिचं म्हणणं. मी राहते चेस्टरला, नोकरी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात, त्यामुळे हे सगळं शनिवार-रविवारचं काम.

किल्ला नको हे आधीपासून पक्कं होतं. वेल्स म्हटलं की कॉन्वी आणि कार्नार्व्हनचे बुरूज येतातच, ते कोणीही काढेल. मला घर हवं होतं, आणि तेही डागडुजी झालेलं. ज्या इमारतीची दुरुस्ती कुठे झाली ते दिसत नाही, ती शिकवायला निरुपयोगी.

निवड एर्दिगची केली. रेक्समच्या दक्षिणेला दोनेक मैलांवर, क्लुएदोग नदीकाठच्या उंचवट्यावर. वारसा इमारतींच्या यादीत पहिला दर्जा. वेल्समध्ये यादीतल्या इमारती सुमारे ३०,००० आहेत आणि पहिल्या दर्जाच्या त्यात शंभराला दोनसुद्धा भरत नाहीत. घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे वारसा वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, तिकीट काढून कोणालाही बघता येतं.

घर उत्तर-दक्षिण लांब पसरलंय, पूर्वेला एक दर्शनी बाजू आणि पश्चिमेला दुसरी. म्हणून छेद दोन: एक आडवा, पूर्व-पश्चिम, दोन्ही दर्शनी भिंतींमधला फरक दाखवायला; दुसरा लांबीतून. दुसऱ्याची गरज कशासाठी, ते अजून नीट ठरलेलं नाही. घर लांब आहे, तर लांबी दिसायला हवी, एवढंच.

१५ मार्च, शनिवार

दिवसभर वाचन. मालकांचा क्रम लावला.

पहिला जोशुआ एडिसबरी, डेन्बीशायरचा हाय शेरीफ. त्याने १६८३ च्या नोव्हेंबरात चेशायरमधल्या मिडलविचच्या टॉमस वेबशी करार केला. वेब दगडकामातला मुख्य मिस्त्री. नव्या घराचा सांगाडा रचणं, तो उभा करणं आणि पुरा होईपर्यंत देखरेख करणं, असं त्या कराराचं स्वरूप. वेगळा आर्किटेक्ट नाही. आराखडा मिस्त्रीच्या डोक्यात, पैसे मालकाच्या खिशात. १६८४ ते १६८७ या काळात घर उभं राहिलं आणि मालकाचा खिसा फाटला. एडिसबरी कर्जात बुडाला तो कायमचा.

मग लंडनचा श्रीमंत वकील जॉन मेलर आला. चान्सरी कोर्टातला मोठा अधिकारी. त्याने घर घेतलं आणि १७२१ ते १७२४ दरम्यान दोन्ही बाजूंना पाखं, म्हणजे घराला लागून नवे भाग, जोडले. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून १७३३ मध्ये सगळं भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे गेलं. तिथून १९७३ पर्यंत यॉर्क घराणं. वारसाचं नाव एक तर सायमन नाहीतर फिलिप. बारशाला डोकं खाजवायची भानगड नाही.

नोंद करण्यासारखी गोष्ट मेलरची. त्याच्याकडे पैसा होता, फॅशन बदललेली होती, तरी त्याने वेबचं घर पाडलं नाही, नुसतं लांबवलं. आखूड, भक्कम पेटीसारखं घर त्याच्यामुळे लांबट झालं. राहायला ऐसपैस, बघायला रुबाबदार. स्ट्रक्चरच्या नजरेने मात्र लांब इमारत हा काळजीचा विषय असतो. जमीन हलली तर तिचे हाल जास्त.

२२ मार्च, शनिवार

चित्राशी थेट संबंध नसलेली नोंद, पण मराठी मुलांसाठी समासात टाकायचीच.

एर्दिगला लागूनच प्लास ग्रोनो नावाचं घर होतं, ते १८७६ मध्ये पाडलं. ते येल घराण्याचं. त्यातला एलिहू येल ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासला गेला आणि १६८७ ते १६९२ फोर्ट सेंट जॉर्जचा प्रमुख होता. एडिसबरीशी त्याचा पत्रव्यवहार चालू असे. त्याने मद्रासहून पाठवलेला लाखेच्या कामाचा घडीचा पडदा एर्दिगमध्ये आहे. एडिसबरीच्या कर्जातही येलचे पैसे होते. म्हणजे या वेल्श घराच्या विटांमध्ये थोडाफार मद्रासचा व्यापार आहे, आणि त्या व्यापारात गुलामांची खरेदी-विक्रीही होती. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आता आपल्याकडचा धागा. १६९० मध्ये छत्रपती राजाराम महाराज जिंजीला होते, मुघलांशी झुंज चालू होती, पैशाची निकड होती. कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला मराठ्यांनी कंपनीला विकला तो याच येलच्या कारकिर्दीत. किल्ल्याबरोबर आजूबाजूची किती जमीन, तर तोफेचा गोळा जाऊन पडेल तिथपर्यंतची. कंपनीने आपली लांब पल्ल्याची तोफ आणून चहूबाजूंना गोळे डागले, आणि त्या गावांना तोफगोळ्याची गावं असंच नाव पडलं. किल्ल्याचं नाव फोर्ट सेंट डेव्हिड ठेवलं. संत डेव्हिड हा वेल्सचा.

येल १७२१ मध्ये वारला. रेक्समच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. अमेरिकेतलं विद्यापीठ ते याच्याच नावाचं. मैत्रिणीला कळवलं, ती म्हणाली, "हे समासात नाही, चौकटीत टाक." बघू.

३० मार्च, रविवार

पाडवा. त्यात आजच इकडची घड्याळं तासाने पुढे गेली, त्यामुळे गुढी उभारून निघेपर्यंत उशीर. तरी दुपार अख्खी एर्दिगला मिळाली.

इथे पाहुण्याला आत घेतात ते मुख्य दारातून नाही. आधी कामाचं आवार: सुतारशाळा, करवतीचा खड्डा, लोहारशाळा, तबेले. मग धुलाईघर, भट्टी, स्वयंपाकघर, नोकरांचा बोळ, आणि सगळ्यात शेवटी मालकांची दालनं. १९७७ मध्ये घर लोकांसाठी उघडलं तेव्हा ट्रस्टने हा क्रम मुद्दाम ठेवला. तोवर अशा घरांत झुंबर आधी, चूल नंतर, नाहीतर चूल नाहीच. वास्तुकलेच्या दृष्टीनेही हा क्रम बरोबर आहे. इमारत कशी चालते ते मागच्या अंगणात कळतं.

करवतीचा खड्डा मी बराच वेळ बघत बसले. ओंडका वर आडवा, एक कारागीर वर उभा, दुसरा खड्ड्यात खाली, मध्ये लांब उभी करवत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाणार हे ठरलेलं. घराच्या तुळया आणि फळ्या असल्याच खड्ड्यांतून निघत.

विटा: पूर्वेची भिंत अजून उघड्या विटांची. हात लावता येईल एवढ्या जवळ गेलं की विटेच्या कडा झिजून गोल झालेल्या दिसतात. चुन्याच्या सांध्यात पांढरे खडे, ज्वारीच्या दाण्याएवढे. चुनखडी भाजल्यावर नीट न विरलेला चुना तो. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या गोल चरात, बैल फिरवून चुना मळत, त्यातही राहतातच. वीट पातळ आहे. १७८४ मध्ये सरकारने विटांवर नगामागे कर बसवला, मग लोकांनी विटा जाडजूड करायला घेतल्या; एर्दिगचा हा भाग त्याच्या शंभर वर्षं आधीचा.

भिंतीला शिडी लावून मोजायची मुभा मला अर्थातच नाही, मागितलीही नाही. हाताशी आलेल्या थरांची उंची टेपने घेतली, फोटो सरळ करून वरचे थर मोजले. विटांचं घर असलं की भिंत स्वतःच मोजपट्टी असते. दगडी बाजूला हा उपाय चालणार नाही.

५ एप्रिल, शनिवार

पश्चिमेची बाजू. इथे वीट दिसतच नाही. १७७० च्या दशकात पहिल्या फिलिप यॉर्कने आर्किटेक्ट जेम्स वायटकडून ही अख्खी बाजू घडीव दगडाने मढवून घेतली.

कारण फॅशन, असं वाटू शकतं, आणि थोडं ते असेलही. वायटचं नाव तेव्हा जोरात होतं. पण खरं कारण वारा. वेल्सच्या डोंगरांकडून येणारा पाऊस इथे उभा पडत नाही, आडवा येतो आणि थेट भिंतीत घुसतो. नव्वद वर्षांत त्याने पश्चिमेच्या विटा खाल्ल्या. पूर्वेची बाजू आडोशाला, म्हणून तिला कोणी हात लावला नाही.

मला आडवा छेद आवडतो तो याच जागी. एकच घर, दोन चेहरे, आणि फरक ठरवला हवामानाने. दगडाचे सांधे अगदी बारीक, नखाच्या कडेएवढे. मागे तीच जुनी विटांची भिंत. छेदात दगडाचं कातडं आणि विटेचं अंग वेगळ्या जाडीच्या रेषांनी दाखवणार, मध्ये सांधा स्पष्ट. दोन्हींना एकच हॅच, म्हणजे एकाच प्रकारच्या भरणरेषा, मारल्या तर चित्राचा जीवच जाईल.

मला स्वतःला ही बाजू तितकी भावत नाही. नीटनेटकी आहे, पण कोरडी. पूर्वेला हात फिरवावासा वाटतो.

१२ एप्रिल, शनिवार

आज कामाने वळण घेतलं.

संध्याकाळी चंद्रपूरच्या मामाचा फोन. मामा कोळसा खाणीत सर्व्हेअर होता, आता निवृत्त. "कशाचं चित्र काढून राहिली तू?" सांगितलं. रेक्सम म्हणताच त्याचा पहिला प्रश्न: "कोळशाचा पट्टा ना तो? घराखाली खांब ठेवला होता का?"

खांब म्हणजे वरच्या घराला आधार म्हणून न काढता तसाच ठेवलेला कोळसा. हा प्रश्न विचारणारा माणूस मला या सगळ्या दिवसांत दुसरा भेटला नाही.

नव्हता ठेवला, म्हणजे शेवटी शेवटी नव्हता. एर्दिगच्या शेजारीच, रोस्टिलेन गावाला बर्शमची खाण होती. ब्रिटनमध्ये जमिनीखालचा कोळसा पूर्वी जमीनमालकाचा असे. त्यामुळे घरमालक आपल्या घराखालचा कोळसा अडवून ठेवू शकत असे. १९३८ च्या कायद्याने कोळशाची मालकी सरकारकडे जायची ठरली आणि १९४२ मध्ये गेली. १ जानेवारी १९४७ पासून खाणीही सरकारच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर एर्दिगखालचा कोळसा निघाला आणि घर खचलं, एका टोकाला सुमारे ५ फूट. दोन्ही टोकं सारखी खचली नाहीत, हे जास्त वाईट.

मामा म्हणाला, "आमच्याकडे बिगर-कोकिंग, म्हणजे पोलादाच्या भट्टीला न चालणाऱ्या कोळशाच्या, खाणींचं राष्ट्रीयीकरण १ मे १९७३ ला." आणि एर्दिग ट्रस्टकडे गेलं तेही १९७३ ला. योगायोग, पण मामाला तो फार आवडला.

मग त्याने तासभर शिकवणी घेतली. विदर्भात बोर्ड अँड पिलर: चौकोनी खांब ठेवत पुढे जायचं, आणि परतताना खांबही काढायचे, त्याला डीपिलरिंग म्हणतात. मागे छत पडू द्यायचं. पडलेला तो भाग म्हणजे गोफ. ब्रिटनमध्ये लाँगवॉल: कोळशाची एक लांब भिंत सलग कापत पुढे सरकायचं, मागचं छत लगेच बसू द्यायचं. "जमीन बसणारच," तो म्हणाला, "बसू नये असा प्रयत्नच नसतो. किती बसेल, कुठे बसेल, एवढंच आपल्या हातात."

लांबीतला छेद कशासाठी, ते आता ठरलं. आणि तो जमिनीच्या रेषेशी थांबणार नाही.

१३ एप्रिल, रविवार

कालच्या शिकवणीवरचं टिपण, ऑफिसातल्या जुन्या संदर्भांशी ताडून. ब्रिटनच्या सरकारी खाणी चालवणाऱ्या कोळसा मंडळाने मोजून मोजून ठरवलेले ठोकताळे असे:

कापलेला पट्टा पुरेसा रुंद असेल, म्हणजे खोलीच्या साधारण १.४ पट, तर वरची जमीन कोळशाच्या थराच्या जाडीच्या ९० टक्क्यांपर्यंत खाली येते. खड्डा पट्ट्याच्या बरोबर वर न राहता बाहेरही पसरतो, उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंशांच्या कोनात. म्हणजे खोली ४०० मीटर धरली तर कडेपासून २८० मीटर लांबच्या घरालाही झळ लागते. घराच्या अगदी खाली कोळसा कापला नाही म्हणून घर वाचलं असं होत नाही. मामाने विचारलेला खांब नुसता घराएवढा ठेवून भागत नाही, तो घराच्या कितीतरी पट मोठा लागतो.

दुसरं, आणि हे मुलांना समजावून सांगायला हवं: घर सरळ खाली गेलं तर फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते कडेवर. लाट सरकत येते तशी जमीन आधी ताणली जाते, मग दाबली जाते. आधी भेगा उघडतात, मग मिटतात, चुरगळतात. नुकसान लांबीतल्या बदलावर मोजतात. एकूण बदल ३० मिलिमीटरपर्यंत असेल तर नगण्य, ६० पर्यंत किरकोळ, १२० पर्यंत जाणवण्याजोगं, १८० पर्यंत गंभीर, त्यापुढे अतिगंभीर. मीटरमागे २ मिलिमीटर ताण धरा. २० मीटरचं घर असेल तर ४०, किरकोळ. ५० मीटरचं असेल तर १००, म्हणजे पुढच्या वर्गात.

तर मेलरने १७२० च्या दशकात जोडलेली पाखं अशी सव्वादोनशे वर्षांनी अंगाशी आली. बिचाऱ्याला काय माहीत.

१९ एप्रिल, शनिवार

ईस्टरची गर्दी असणार म्हणून गेले नाही. कागदाचा हिशोब केला.

१:१०० प्रमाणात घर मोठ्या कागदावर छान बसतं. पण खाली ४०० मीटर जमीन दाखवायची तर ४ मीटर कागद. उलट १:२००० घेतलं तर ४०० मीटर २० सेंटिमीटरमध्ये मावतात, पण ५० मीटरचं घर अडीच सेंटिमीटरचं होतं, आणि ५ फुटांचं खचणं पाऊण मिलिमीटर. पेनाच्या रेषेएवढं.

थोडा वेळ वैताग आला, मग लक्षात आलं की सांगायचं तेच हे आहे. खाणीच्या नकाशावर ज्याला रेषेची जाडी म्हणतात, त्याने घराची छपरं फाटतात. दोन्ही प्रमाणं एकाच कागदावर ठेवायची. वर १:१०० चं घर आणि त्यात मूळ जमिनीची तुटक रेषा १५ मिलिमीटर वर. खाली १:२००० ची जमीन.

२६ एप्रिल, शनिवार

पुन्हा घरात. आज नोकरांचा मजला आणि स्वयंपाकघर.

१७७० च्या दशकातलं स्वयंपाकघर आगीच्या भीतीने मूळ घरापासून सुटं बांधलं होतं, नंतर ते जोडून घेतलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत सुभाषित आहे: नासाडी करू नका, म्हणजे उणीव भासणार नाही. यॉर्कांनी हे स्वतःच फार मनावर घेतलं. कुठलीच वस्तू टाकायची नाही हा घराचा नियम, आणि आज घरात सुमारे ३०,००० वस्तू आहेत.

त्याहून विलक्षण म्हणजे नोकरांची चित्रं. पहिल्या फिलिपने १७९० च्या दशकात डेन्बीच्या जॉन वॉल्टर्सकडून सुतार, लोहार, शिकारखात्याचा माणूस, हमाल यांची तैलचित्रं काढून घेतली आणि प्रत्येकावर स्वतः पद्यं रचली. पद्यं बेताचीच आहेत. पण एडवर्ड प्रिन्स या सुताराचं चित्र त्याच्या हत्यारांसकट समोर आहे. जेन एब्रेल ही सत्तावीसएक वर्षांची पोर नव्हे, सत्याऐंशीची म्हातारी, कोळिष्टकं झाडायचा लांब दांड्याचा कुंचा घेऊन बसलेली. पुढे १८५२ पासून फोटोही आले. त्या काळच्या घरांत सुताराचं नाव हिशेबवहीत सापडलं तरी पुष्कळ, इथे चेहरा सापडतो.

छेदात माणसं काढायचीच असतात, प्रमाण कळावं म्हणून. सहसा मी तयार छापील आकृत्या टाकते. या वेळी करवतीच्या खड्ड्यावरचे दोघे, बोळातली कुंचेवाली, आणि वरच्या दालनात कोणीच नाही.

४ मे, रविवार

मामाला व्हिडिओ कॉलवर घेऊन बर्शमला गेले. खाण डिसेंबर १९८६ मध्ये बंद झाली. उभा लोखंडी सांगाडा आणि त्यावरची चाकं, म्हणजे हेडगिअर, अजून आहे. मामाने चाकं बघूनच पिंजरा कसा चालत असेल ते सांगायला सुरुवात केली.

एर्दिग बघायला येणारे बहुतेक लोक इथे फिरकत नाहीत. मला हे पटत नाही. दोन्ही एकाच छेदातल्या वास्तू आहेत. शिवाय या पट्ट्याचा हिशोब नुसत्या भिंतींच्या भेगांनी करायचा नसतो. जवळच ग्रेसफर्डच्या खाणीत २२ सप्टेंबर १९३४ ला स्फोट झाला आणि २६६ माणसं गेली. मामाला ती तारीख माहीत होती. खाण-सुरक्षिततेच्या अभ्यासात शिकवतात म्हणाला.

१७ मे, शनिवार

१९७३ ते १९७७ च्या दुरुस्तीचा भाग.

शेवटचा मालक, तिसरा फिलिप यॉर्क, एकटाच राहत असे. घरात विजेची जोडणी नाही, छप्पर गळतंय, हिरवळ कापायला मेंढ्या. घर जमिनीबरोबर वाकलं तेव्हा छपरावरच्या पन्हळींचे उतार बिघडले, पाणी उलटं फिरलं आणि आत उतरलं. १७२० चा शाही पलंग, चिनी भरतकामाच्या रेशमाचा, गळक्या छताखाली भिजत होता. तो दुरुस्तीसाठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात न्यावा लागला.

एक बारकावा मुलांसाठी: खचलेल्या घराचा पहिला शत्रू भेग नसून पाणी. भिंत झुकली तरी उभी राहते. पन्हळ एक इंच उलटी झाली की दहा पावसाळ्यांत तुळईची टोकं कुजतात.

फिलिपने घर दिलं ते एका अटीवर, की काहीही हलवायचं नाही, विकायचं नाही. कोळसा मंडळाने १,२०,००० पौंड नुकसानभरपाई दिली. ती पुरण्यातली नव्हती. ट्रस्टने उद्यानाच्या कडेची ६३ एकर जमीन घरबांधणीला विकली, त्याचे सुमारे १० लाख पौंड आले, तेव्हा काम निभलं. घराभोवतीची जमीन विकून घर वाचवायचं, यावर वाद घालता येईल. मला तरी तो सौदा रास्त वाटतो. छप्पर गेल्यावर उद्यान कोणाच्या घराभोवती ठेवणार?

माझं एक निरीक्षण, इंजिनिअर म्हणून: घर पडलं नाही याचं बरंच श्रेय चुन्याला. चुन्याचा सांधा सिमेंटपेक्षा मऊ असतो. हालचाल हळूहळू झाली तर तो सांध्यासांध्यातून थोडी थोडी पचवतो, एकाच जागी मोठी भेग पाडत नाही. आपल्या वाड्यांच्या विटांच्या भिंतींचे सांधे लोक हौसेने सिमेंटने भरतात, तेव्हा हीच शक्ती काढून घेतात. हे वाक्य चित्रावर ठळक टाकणार आहे.

२५ मे, रविवार

बाग. टॉमस बॅडेस्लेडने १७४० च्या सुमाराला काढलेलं एर्दिगचं विहंगम चित्र आहे: सरळ कालवा, ओळीत झाडं, भिंतीलगत फळबाग. १९७० च्या दशकात बाग पुन्हा लावताना तोच नकाशा धरला. बागेवर माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही.

उद्यानातला कप-बशी धबधबा मात्र वेगळा काढून ठेवला. उद्यान आखणाऱ्या विल्यम एम्सची १७७४ ची करामत: गोल दगडी कुंडाच्या काठावरून पाणी चारी बाजूंनी मधल्या गोल विहिरीत पडतं आणि खालच्या बोगद्यातून पुढे ओढ्यात निघतं. समोरून बघणाऱ्याला पाणी जमिनीत नाहीसं झाल्यासारखं वाटतं. छेद काढला की सगळं उलगडतं. १:२० ला काढायचं.

८ जून, रविवार

शाई चढवली. पूर्वेची वीट बारीक आडव्या रेषांनी, पश्चिमेचा दगड कोरा. मेलरची पाखं हलक्या करड्या छटेत, म्हणजे मूळ पेटी उठून दिसते. आर्किटेक्ट थॉमस हॉपरचं १८२० च्या दशकातलं जेवणघर, खांबांसकट, लांबीच्या छेदात अर्धवटच येतं, येऊ दे.

येलची चौकट अखेर झाली. पुण्याहून हट्ट होता.

२१ जून, शनिवार

चित्र पुण्याला लावलं, मुलांचे प्रश्न आले. बहुतेक नोकरांच्या चित्रांबद्दल. एका मुलीने विचारलं: खालच्या पट्टीत कोळसा काढलेल्या जागेत बारीक तुकडे का दाखवलेत, तिथे पोकळी असायला हवी ना?

प्रश्न मामाकडे पाठवला. त्याचं उत्तर आवाजात आलं: "पोकळी राहिली असती तर घर खचलं असतं का? छत फुटून खाली आलं, त्याच्या वरचं वाकलं, त्याच्याही वरचं बसलं. फुटलेला दगड जास्त जागा घेतो, म्हणून थराची जाडी दोन मीटर असेल तर वर दोन मीटर खचत नाही, थोडं कमी खचतं. ते उरलेलं कुठे गेलं, तर गोफमध्ये, तुकड्यांच्या फटींत. तिला सांग, बरोबर जागी बोट ठेवलंस."

हे जसंच्या तसं सूचीत गोफच्या चिन्हासमोर टाकलं. नवी प्रत उद्या पाठवायची. मामाला एक प्रत चंद्रपूरला, पण त्याला वरचं घर नको, फक्त खालची पट्टी मोठी करून हवी आहे.